लहान गावाचा कचरा प्रकल्प: परवानगीच्या आधी पाण्याचा आणि वजनाचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. इंदूरजवळच्या एका नगर परिषदेत तुम्ही उपयंत्री (अभियंता) आहात. लोकसंख्या सुमारे ४० हजार, कचरा रोज १५ टन. तहसीलदारांनी ५ एकर चरनोईची, म्हणजे गावाची गुरं चारण्याची, जमीन दाखवली आहे आणि तिच्या एका बाजूनं नाला वाहतो. डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल करणारा सल्लागार म्हणतो, इंदूरसारखा बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा) प्लांट टाकू, शेजारी लँडफिल (उरलेला कचरा पुरण्याची जागा) करू, प्रदूषण मंडळाची एक परवानगी घेतली की काम सुरू. तुम्ही विचारलंत की परवानग्या नेमक्या कोणत्या, वेळ किती लागेल आणि डिझाइन कुठून सुरू करायचं.

परवानग्यांची यादी पुढे देतोच. पण तुमची खरी अडचण ती यादी नाही. या ५ एकरांत लँडफिल बसतं का आणि १५ टनांचा आकडा खरा आहे का, हे दोन्ही अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. डिझाइन या दोन गोष्टींवर उभं राहतं आणि परवानग्या त्या डिझाइनवर मिळतात. क्रम उलटा केला की फाइल भोपाळला जाते आणि शेरे घेऊन परत येते.

आधी जमीन. ५ एकर म्हणजे सुमारे २०,२०० चौरस मीटर. प्लॉट साधारण चौकोनी धरला तर बाजू १४२ मीटरची. २०१६ च्या घनकचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत लँडफिल नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक बाग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवं असं सांगितलं होतं (आता नवे नियम आले आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो). नाल्यासाठी वेगळं अंतर दिलेलं नाही, म्हणून सल्लागार बिनधास्त असतात. मी नाल्यालाही १०० मीटर धरतो. मालव्यातला नाला मेमध्ये कोरडा ठक्क असतो आणि ऑगस्टमध्ये पात्र सोडून शेतात शिरतो. शिवाय गेल्या १०० वर्षांच्या नोंदीतलं पूरक्षेत्र लँडफिलला चालत नाही, ते नियमातच आहे. आता वजाबाकी करा. १४२ मधून १०० गेले, उरली ४२ मीटरची पट्टी. म्हणजे सुमारे ६,००० चौरस मीटर, दीड एकर. त्यातून कुंपण, रस्ता आणि बफर (भोवतीची मोकळी जागा) काढा. लँडफिल तिथे बसत नाही. कंपोस्ट शेड, सुक्या कचऱ्याची शेड आणि वजनकाटा बसवता येतो, तोही नीट आखणी केली तर.

दुसरी अट विमानतळाची. लँडफिल विमानतळापासून किंवा हवाई तळापासून २० किलोमीटर दूर हवं. विशेष बाब म्हणून १० ते २० किलोमीटरमध्ये चालतं, पण त्यासाठी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचं किंवा हवाई दलाचं ना-हरकत पत्र लागतं. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ इंदूरच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे हातोद, राऊ या बाजूची गावं त्या वर्तुळात येतात. तुमचं गाव कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नकाशावर अंतर आजच मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. कारण उघड्या कचऱ्यावर घारी येतात, आणि घारींचं विमानाशी जमत नाही.

आता कचऱ्याचं वजन. १५ टन हा आकडा बहुतेक 'गाडीच्या फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता' असा आलेला असणार. लहान गावांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात, म्हणजे ४० हजारांमागे ८ ते १२ टन. वरचे तीन ते सात टन हे नालेसफाईचा गाळ, झाडलोटीची माती आणि बांधकामाचा मलबा असण्याची शक्यता मोठी. मलब्याला २०१६ पासून वेगळे नियम आहेत, तो या प्लांटमध्ये यायलाच नको. गाळ कंपोस्टमध्ये गेला तर खत वाळूसारखं होतं आणि शेतकरी दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून सात दिवस सलग प्रत्येक गाडी धर्मकाट्यावर भरलेली आणि रिकामी तोला, पावत्या जपून ठेवा. त्यातल्या काही गाड्या फरशीवर ओतून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार करा. शंभरेक किलो उरले की हातानं ओला, सुका, कापड, माती असं वेगळं करून तोला. एक आठवडा उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात करा. आंब्याच्या दिवसांतला कचरा आणि जानेवारीतला कचरा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बायो-सीएनजीबद्दल स्पष्टच लिहितो, कारण हा मोह सगळ्यांना होतो. इंदूरमधल्या देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा (कचरा डेपोवरचा) गोबर-धन प्लांट रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि त्याची आखणी रोज सुमारे १७,००० किलो सीएनजीची आहे. म्हणजे टनामागे ३१ किलो. तुमच्या १५ टनांत ओला कचरा ८ टन धरला तर रोज अडीचशे किलो गॅस, तोही इंदूरइतका स्वच्छ वेगळा केलेला कचरा मिळाला तर. एवढ्या गॅससाठी शुद्धीकरण, काँप्रेसर, साठवण, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची म्हणजे पेसोची मंजुरी आणि चोवीस तास प्रशिक्षित माणूस ठेवणं परवडत नाही. इंदूरला अभ्यास दौऱ्यावर येणारी मंडळी त्या टाक्यांसमोर फोटो काढून जातात. बघायला हवी ती सकाळी सातची कचरा गाडी आणि तिच्यातले वेगवेगळे कप्पे. ओला कचरा घरातूनच वेगळा येतो म्हणून तो प्लांट चालतो. ते न करता टाक्या बांधल्या तर डायजेस्टरच्या तळाशी प्लास्टिक आणि वाळूच जमणार.

तुमच्यासाठी विंड्रो कंपोस्टिंग पुरे, म्हणजे ओल्या कचऱ्याचे लांब ढीग रचून ते पलटत खत करायचं. गणित असं. ८ टन ओला कचरा, घनमीटरमागे अर्धा टन, म्हणजे रोज १६ घनमीटर. तीस दिवस ठेवायचा तर ४८० घनमीटर. आकसतो तो हिशोबात धरत नाही, तेवढी सुरक्षितता राहू द्या. विंड्रो तळाला ३ मीटर, माथ्याला १ मीटर आणि दीड मीटर उंच घेतली तर छेद ३ चौरस मीटरचा. मग एकूण लांबी १६० मीटर. पलटी मारायला मधे ३ मीटर सोडा. पॅड, म्हणजे ढिगांखालची फरशी, आला सुमारे १,००० चौरस मीटरचा. पिकवण, चाळणी आणि साठा धरून दुप्पट जागा घ्या.

या पॅडवर छप्पर घालायचंच. 'दुसऱ्या टप्प्यात' असं लिहून छप्पर गाळलेले डीपीआर मी बरेच पाहतो. आपल्याकडे वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. एका दिवसात १०० मिमी झाला तर उघड्या १,००० चौरस मीटरवर १०० घनमीटर पाणी पडतं. एक लाख लिटर. त्यातलं बरंचसं ढिगातून झिरपून काळं होऊन बाहेर येणार, यालाच लिचेट म्हणतात. दहा हजार लिटरचे दहा टँकर एका दिवसात कुठे नेणार? एका गावात मी हे जवळून पाहिलं आहे: लिचेटची टाकी २० घनमीटरची, शेड नाही, पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरून काळं पाणी शेजारच्या सोयाबीनमध्ये. पीक गेलं, तक्रार गेली, मंडळाची नोटीस आली आणि प्लांट दोन महिने बंद. पत्र्याच्या शेडचा खर्च त्या भरपाईपुढे किरकोळ होता. छपरावरचं स्वच्छ पाणी वेगळ्या गटारानं बाहेर काढा, पॅडला १ ते २ टक्के उतार द्या आणि लिचेट फक्त पॅडचंच गोळा होऊ द्या. ते कोरड्या दिवसांत विंड्रोवरच परत शिंपडता येतं. बाहेर सोडायचं झालं तर प्रक्रिया करून: बीओडी ३० आणि सीओडी २५० (पाण्यातल्या घाणीची ही दोन मोजमापं) मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत. कच्च्या लिचेटचा सीओडी हजारांत असतो, तेव्हा 'सेटलिंग टँक' एवढं लिहून भागत नाही.

लँडफिलचं काय? ओला वेगळा, सुका वेगळा झाला तर शेवटी पुरण्यासारखं २० टक्के उरतं असं धरू, रोज ३ टन. वर्षाला सुमारे १,१०० टन. दाबून आणि रोजच्या मातीच्या थरासकट १,४०० घनमीटर. लँडफिल किमान २० ते २५ वर्षं पुरेल असं हवं; २० वर्षांचे २८,००० घनमीटर. सरासरी ५ मीटर उंची धरली तर तळ ५,६०० चौरस मीटर, आणि उतार, बांध, रस्ते, लिचेट तळं धरून तीन एकर. कचरा वेगळा झालाच नाही आणि ६० टक्के कचरा गाडावा लागला, तर तेच नऊ एकर. तुमच्याकडे वापरण्यासारखे दीड. तेव्हा या जागेवर फक्त प्रक्रिया करा, आणि उरलेला अवशेष जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावांबरोबर सामाईक लँडफिलला पाठवा. ५ लाखांखालच्या गावांसाठी सामाईक लँडफिलची वाट २०१६ च्या नियमांतच ठेवली होती. कलेक्टर साहेबांसमोर हा मुद्दा नगर परिषदेनं लेखी मांडावा. तोंडी मांडलेलं बैठकीबरोबर संपतं.

तरीही कधी ते सामाईक लँडफिल तुमच्याच हद्दीत आलं, तर तळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. इथे मालव्याची माती फसवते. नियमाप्रमाणे खाली ९० सेंमी चिकणमातीचा थर, त्यातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका सेंटिमीटरच्या कोटीव्या भागाहून जास्त नको, त्यावर १.५ मिमी जाडीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पडदा. भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली. 'सर्वांत वरची' हे लक्षात ठेवा. ती मेमध्ये मोजायची नसते. सप्टेंबरअखेर आसपासच्या विहिरींत दोर सोडून मोजा, तोच आकडा डीपीआरमध्ये लिहा. काळी माती प्रयोगशाळेत ही परीक्षा सहज पास होते, आणि म्हणूनच सगळे म्हणतात, माती तर फुकटात आहे. पण ती वाळली की तडकते. एप्रिलमध्ये दाबून तयार केलेला थर चार दिवस उघडा राहिला की भेगांत पेन आत जातं. खाली मुरूम आणि फुटलेला बेसाल्ट, म्हणजे पाण्याला थेट वाट. उपाय असे: माती इष्टतम ओलाव्यापेक्षा दोन ते चार टक्के जास्त ओली ठेवून शीपफूट रोलरनं १५ सेंमीच्या थरांत दाबायची, ढेकळं आधी फोडायची, फार फुगणारी असेल तर मुरूम मिसळून पुन्हा चाचणी घ्यायची, आणि जेवढा भाग तयार झाला तेवढ्यावर त्याच दिवशी पडदा अंथरायचा. ठेकेदार म्हणेल, आधी सगळी माती करतो मग पडदा एकदम टाकतो. ऐकू नका. पडद्याच्या सांध्यांना दुहेरी वेल्ड आणि मधल्या पोकळीत हवा भरून दाबाची चाचणी, प्रत्येक सांध्याची नोंद फोटोसकट. वर ३० सेंमीचा गिट्टीचा निचरा थर आणि छिद्रांचे पाइप.

रोजचं झाकण किमान १० सेंमी, पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंमी, आणि बंद केल्यावर १५ वर्षं देखरेख. ही १५ वर्षं बजेटमध्ये कुणी धरत नाही. ठेका दहा वर्षांचा असतो, मग पुढची देखरेख कुणाच्या गळ्यात?

आता परवानग्या. २०१६ च्या नियमांची जागा २०२६ च्या नव्या नियमांनी घेतली आहे, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग सांगितले आहेत. म्हणून तुमची गाडी, शेड आणि ठेक्याची कागदपत्रं चार भागांचीच करा. मी वर दिलेले डिझाइनचे आकडे २०१६ च्या अनुसूचींतले आणि केंद्राच्या नियमपुस्तिकेतले आहेत. अर्ज भरण्याआधी नव्या अनुसूचींशी एकेक ओळ ताडून घ्या.

पहिलं काम महसूलचं: चरनोई जमिनीचं प्रयोजन बदलून नगर परिषदेच्या नावे वाटप, पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) सीमांकन, खसऱ्यात (जमिनीच्या दप्तरात) नोंद. नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) विभागाकडून भू-उपयोग. चरनोईवर गावाचा जीव असतो, ग्रामपंचायतीला आधी विश्वासात घ्या.

दुसरं, पर्यावरण मंजुरी. सल्लागारानं हीच गाळली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण प्रभाव अधिसूचनेत सामाईक घनकचरा प्रकल्प ७(आय) या क्रमांकावर, 'ब' वर्गात आहेत. मंजुरी राज्याच्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन प्राधिकरणाकडून, म्हणजे भोपाळच्या 'सिया'कडून. लँडफिल असेल तर हा रस्ता चालायचाच असं समजा: संदर्भ अटी, पावसाळा सोडून एका हंगामाची मोजमापं, अहवाल, किमान ३० दिवसांची नोटीस देऊन जनसुनावणी, मग मूल्यांकन. अहवाल करणारी संस्था नॅबेटची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यताप्राप्त हवी. तुमच्या सल्लागाराकडे ती मान्यता आहे का, विचारा. संरक्षित वन्य क्षेत्र किंवा राज्याची सीमा ५ किलोमीटरच्या आत असेल तर प्रकरण दिल्लीला जाऊ शकतं. फक्त स्वतःच्या गावाचा कंपोस्ट प्रकल्प असेल तर तो ७(आय) मध्ये धरायचा की नाही, हे प्रकल्पाच्या मांडणीवर अवलंबून आहे. इथे अंदाज नको, 'सिया'ला एक पानाचं पत्र लिहून उत्तर फाइलला लावा. पुढे कुणी हरित न्यायाधिकरणात गेलं तर तेच पत्र कामी येईल.

तिसरं, मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ. जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ खाली स्थापनेची संमती, बांधकामानंतर चालवण्याची संमती, आणि यांखेरीज घनकचरा नियमांखालचं वेगळं ऑथरायझेशन. सल्लागाराची 'एक परवानगी' इथे तीन होते. स्थापनेच्या संमतीआधी पाया खणू नका. रोज ५ टनांवरच्या प्रक्रिया केंद्राभोवती बफर लागतो, आणि नव्या नियमांत तो मिळालेल्या जागेच्या आतच धरायचा आहे. तुमच्या दीड एकरावर याचा ताण येईल, म्हणून जागा वाढवून मागायची तर आत्ताच. नाला पुढे क्षिप्रेकडे जात असेल तर उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थापर्यंत सांडपाण्याच्या तपशिलावर मंडळ बारकाईनं पाहील हे गृहीत धरा.

खत विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ चे निकष: कार्बन-नत्र गुणोत्तर २० च्या आत, ओलावा १५ ते २५ टक्के, आणि जड धातूंच्या मर्यादा. मिसळलेल्या कचऱ्यातून काढलेलं खत याच धातूंवर नापास होतं.

वेळेचं विचारलंत. लँडफिल आणि पर्यावरण मंजुरीसकट माझा अनुभव वर्षभराच्या पुढचा आहे, कारण हंगाम चुकला की मोजमापं पुढे ढकलली जातात. लँडफिल बाहेर काढलं आणि 'सिया'चं उत्तर अनुकूल आलं, तर जमीन हातात आल्यापासून काही महिन्यांत स्थापनेची संमती मिळू शकते. मी तुमच्या जागी असतो तर आजचा डीपीआर स्वीकारला नसता. सल्लागाराला वजनाच्या पावत्यांवर आधारलेला आकडा, नाल्याची पूररेषा, सप्टेंबरची विहिरींची पातळी आणि छपरासकट पॅडचा नकाशा मागितला असता, आणि त्याचा पुढचा हप्ता तोवर रोखला असता.

खसऱ्याचा नकाशा, नाला कोणत्या बाजूला आहे ते आणि आठवड्याच्या पावत्या इथे टाकल्यात तर शेड कुठे बसवायची आणि पॅडचा उतार कोणत्या बाजूला ठेवायचा, ते पाहून सांगतो.